प्राण्यांच्या अंगातली मायक्रोचिप आणि तब्येतीचे धोके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला किंवा मांजराला घेऊन परदेशी निघालेली मराठी कुटुंबं आता काही थोडी नाहीत. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान, कुठेही जायचं म्हटलं की कागदपत्रांच्या यादीत पहिलीच ओळ मायक्रोचिपची असते. मग घरात चर्चा सुरू होते. कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं की चिपने कॅन्सर होतो. आजी म्हणते, मुक्या जनावराच्या अंगात कशाला काय घालायचं. दवाखान्यात विचारावं तर गर्दीत दोन मिनिटांत उत्तर मिळतं, 'काही होत नाही, सगळे बसवतात.'

आमच्या मनीला चिप बसवायच्या आधी मीही या सगळ्यातून गेले. 'काही होत नाही' हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, कारण क्वचित का होईना, पण होतं. काय होतं, किती वेळा होतं आणि त्यातलं किती आपल्याला टाळता येतं, हे जमेल तितकं नेमकं इथे लिहिलं आहे.

चिप म्हणजे नक्की काय? तिच्यात बॅटरी असते का?

तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची बंद कुपी. साधारण १२ मिमी लांब आणि २ मिमी जाड. याहून लहान, ८ मिमीच्या आसपासच्या चिपही मिळतात. कुपीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं आणि एक इवलंसं सर्किट असतं. बॅटरी नसते. स्कॅनर जवळ धरला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत तेवढ्यापुरती वीज तयार होते, चिप आपला १५ अंकी नंबर सांगते आणि पुन्हा गप्प होते. बाकीचे चोवीस तास ती नुसता काचेचा तुकडा असते. त्यामुळे 'अंगात सतत रेडिएशन चालू राहतं' ही भीती मनातून काढून टाकावी.

चिपमध्ये जीपीएसही नसतं. कुत्रा हरवला तर तो कुठे आहे हे चिप सांगत नाही. तो कुणाला सापडला आणि त्या माणसाने स्कॅनर लावला, तरच तिचा उपयोग.

बसवताना दुखतं का? भूल द्यावी लागते का?

दुखतं. चिपची सुई लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, कारण तिच्या पोकळीतून अख्खी कुपी जायची असते. पण हे एका टोचण्याचं दुखणं आहे. बहुतेक कुत्री एकदा कण्हतात आणि खाऊ दिसला की विसरतात. भूल द्यायची गरज नसते. नसबंदीचं ऑपरेशन ठरलेलंच असेल तर त्याच भुलेत चिप बसवून घ्यावी. लहानखुऱ्या मांजरासाठी मला हाच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो.

मग मुख्य प्रश्न. चिपने कॅन्सर होतो का?

ही भीती हवेतून आलेली नाही, तिच्यामागे खरे अभ्यास आहेत. म्हणून याचं उत्तर थोडं लांबणार आहे.

२००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एक मोठी बातमी दिली. प्रयोगशाळेतल्या उंदरांना ओळखीसाठी चिप बसवत, आणि त्यातल्या काही उंदरांना चिपच्या जागी घातक गाठी झाल्याचे अभ्यास १९९० च्या दशकापासूनच प्रसिद्ध झालेले होते. त्या काळी माणसांसाठीही अशीच एक चिप बाजारात होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला २००४ मध्ये परवानगी दिली होती. त्यामुळे बातमी फार गाजली आणि आजही तीच नव्याने फिरते आहे.

त्या अभ्यासांतले आकडे असे. जर्मनीत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,२७९ उंदरांपैकी ३६ जणांना चिपभोवती गाठ झाली, म्हणजे ०.८ टक्के. फ्रान्समधल्या २००६ च्या अभ्यासात हे प्रमाण ४.१ टक्के होतं. १९९९ च्या एका अभ्यासात १७७ पैकी १८ उंदरांना, म्हणजे १०.२ टक्क्यांना, पण हे उंदीर मुद्दाम असे तयार केलेले होते की त्यांच्यात गाठींना आवर घालणाऱ्या पी५३ या जनुकाची एकच प्रत होती. थोडक्यात, त्यांना कॅन्सर लवकर व्हावा अशीच त्यांची जडणघडण होती.

हे आकडे कुत्र्या-मांजरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. उंदीर आणि घुशींच्या जातीत एक जुनी ठाऊक असलेली गोष्ट आहे : त्वचेखाली काच, प्लॅस्टिक, धातू, कुठलीही गुळगुळीत निर्जीव वस्तू बराच काळ ठेवली की तिच्याभोवती गाठ होऊ शकते. चिपचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून हे माहीत होतं. शिवाय आकाराचा विचार करा. शेपूट सोडली तर उंदराचं अंग ८-९ सेंमीचं, आणि चिप १२ मिमीची. साडेपाच फुटी माणसाच्या पाठीत वीतभर लांबीची कांडी घालून ती जन्मभर तशीच ठेवावी, त्यातला हा प्रकार.

कुत्र्या-मांजरांत असं घडलंय का? घडलंय. इटलीतल्या पशुवैद्यांनी २००४ मध्ये एका कुत्र्याच्या चिपच्या जागी चरबीच्या पेशींचा कॅन्सर झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. २००६ मध्ये तिथूनच एका फ्रेंच बुलडॉगची केस आली. मांजरांच्या अशा नोंदी २००८ आणि २०११ मध्ये आल्या. यातल्या काही ठिकाणी एक अडचण आहे. चिप दोन खांद्यांच्या मध्ये बसवतात आणि बऱ्याच वर्षांच्या लसीही तिथेच टोचलेल्या असतात. २००६ च्या बुलडॉगची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली इंजेक्शनच्या जागी होणाऱ्या गाठींसारखीच दिसत होती. तेव्हा दोष चिपचा की लसीचा, हे ठामपणे सांगणं अवघड होतं.

जगभर लक्षावधी प्राण्यांना चिप बसवलेली असताना प्रसिद्ध झालेल्या अशा केसेस मोजक्या आहेत. म्हणून मी मनीला चिप बसवली. पण आणखी एक गोष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं. केस प्रसिद्ध होते तेव्हा, जेव्हा कुणीतरी ती गाठ काढतो, तपासायला पाठवतो आणि चिप तिच्या आत होती की शेजारी हे लिहून ठेवतो. म्हाताऱ्या कुत्र्याची गाठ कितीदा नुसती कापून टाकून दिली जाते! नोंदी कमी आहेत म्हणजे घटनाही अगदी तेवढ्याच, असं समजू नये. धोका फार लहान आहे, एवढं म्हणता येतं. तो शून्य आहे असं म्हणता येत नाही.

मांजरांना धोका जास्त असतो का?

मांजराची त्वचा या बाबतीत हळवी असते. लसीच्या जागी होणारा सार्कोमा, म्हणजे त्वचेखालच्या मऊ भागातला कॅन्सर, हा मांजरांचाच आजार म्हणून ओळखला जातो. १९९० च्या सुरुवातीला तो लक्षात आला आणि लस घेतलेल्या साधारण दहा हजार मांजरांत एखाद्याला होतो, असा अंदाज नेहमी दिला जातो. इंजेक्शनच्या जागी बराच काळ दाह राहिला तर पुढे पेशी बिघडतात, अशी त्यामागची समजूत आहे. चिपही त्वचेखालीच असते, म्हणून मांजराच्या बाबतीत जरा जास्त जागरूक राहणं योग्य.

यावर एक साधा उपाय आहे : चिपच्या जागी लस टोचू द्यायची नाही. रेबीजची लस उजव्या मागच्या पायात खाली द्यायची पद्धत बऱ्याच देशांत रूढ आहे. आपण आठवण करून दिली तर इथले डॉक्टरही ऐकतात. असं केलं की उद्या गाठ आलीच तर ती कशामुळे आली हेही कळतं, आणि पायातली गाठ काढणं पाठीतल्या गाठीपेक्षा सोपं जातं.

चिपच्या जागी गाठ लागते आहे. घाबरायचं का?

पहिल्या काही दिवसांत थोडी सूज किंवा टणकपणा असतोच. शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंचं पातळ आवरण विणतं, आणि ते व्हायलाच हवं. त्याच्यामुळेच चिप एका जागी राहते. बारीक कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला तर कधीकधी चिप स्वतःच हाताला लागते, तांदळाचा दाणा चाचपडल्यासारखी. ती गाठ नव्हे.

मांजरांच्या इंजेक्शनच्या गाठींसाठी डॉक्टर ३-२-१ हा नियम वापरतात. मी तो चिपच्या जागेलाही लावते. गाठ ३ महिन्यांनंतरही राहिली, किंवा २ सेंमीपेक्षा मोठी झाली, किंवा टोचल्यानंतर १ महिना उलटूनही वाढतेच आहे, यातलं एक जरी खरं असेल तरी तिचा तुकडा काढून तपासायला द्यायचा. 'बघू, आपोआप बसेल' म्हणून थांबायचं नाही. आणि तपासणीच्या आधी ती गाठ घाईने काढूनही घ्यायची नाही. सार्कोमा असेल तर पहिल्याच ऑपरेशनला भोवतालचा बराच भाग काढावा लागतो. अर्धवट काढलेली गाठ पुन्हा येते आणि दुसऱ्या वेळी काम फार कठीण होतं.

पू येत असेल, जागा गरम लागत असेल किंवा प्राणी खाणंपिणं सोडून बसला असेल, तर तो जंतुसंसर्ग. त्याला नियमबियम नाही, त्याच दिवशी दवाखाना.

चिप अंगात सरकते म्हणतात, ती हृदयापर्यंत जाते का?

नाही. चिप त्वचेखालच्या सैल थरात असते, रक्तवाहिनीत नसते. सरकली तर खांद्यावर, कोपराकडे किंवा छातीच्या बाजूला उतरते. ब्रिटनमध्ये लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या संघटनेने १९९६ पासून चिपच्या तक्रारींची नोंद ठेवली. चाळीस लाखांहून जास्त प्राण्यांना चिप बसवून झाल्यावर तिथे ३९१ तक्रारी जमा झाल्या होत्या, आणि त्यांत सगळ्यात जास्त तक्रारी सरकण्याच्याच होत्या. चिप बंद पडणं, केस जाणं, संसर्ग, सूज, गाठ हे सगळं त्याहून खूप कमी. तक्रार नोंदवणं ऐच्छिक होतं, तेव्हा खरा आकडा याहून मोठा असणार. पण कशाच्या तक्रारी जास्त आणि कशाच्या कमी, हे त्यातून समजतं.

सरकल्याने प्राण्याला सहसा काही त्रास होत नाही. त्रास आपल्याला होतो. मनीची चिप पुढच्या डाव्या पायाच्या कोपराशी उतरली होती. ज्या दवाखान्यात ती बसवली तिथे बसवल्यावर एकदाही स्कॅन करून पाहिलं नव्हतं. पुढे दुसऱ्या ठिकाणी पाठीवर स्कॅनर फिरवला तर नंबर येईना. 'चिप नाहीच' असं सांगून नवी बसवायची तयारी झाली होती. तिथल्या मदतनीस मुलाने सहज म्हणून पायावरून स्कॅनर फिरवला आणि तो वाजला. त्या मुलाची मी आजही आभारी आहे. तेव्हापासून वर्षाच्या लसीला गेले की मी आधी पूर्ण अंगावरून स्कॅन करून घेते, पाठ, दोन्ही बाजू, पाय, छाती.

बसवतानाच काही गंभीर इजा होऊ शकते का?

होऊ शकते. माझ्या मते कॅन्सरपेक्षा काळजी याची करावी, कारण हे टाळणं आपल्या हातात असतं. सुई जाड आणि प्राणी लहान. त्वचा नीट उचलून धरली नाही किंवा प्राण्याने ऐन वेळी झटका दिला, तर सुई खोल जाऊ शकते. चिप थेट मणक्याच्या पोकळीत शिरून प्राण्याचे पाय लुळे पडल्याच्या केसेस पशुवैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली अशी एक केस मांजराची होती, नंतर कुत्र्यांच्याही आल्या. अत्यंत दुर्मीळ, पण ज्याच्या घरी घडलं त्याच्यासाठी पूर्ण.

म्हणून चिप पशुवैद्याकडूनच बसवून घ्यायची. पिल्लू विकणारा 'मीच टोचून देतो' म्हणाला तर नको म्हणायचं. एका माणसाने प्राणी नीट धरलेला हवा आणि दुसऱ्याने टोचायला हवं. पिल्लू फारच लहान असेल तर लहान आकाराची चिप मागावी किंवा सरळ काही आठवडे थांबावं. चिप बसवल्यावर चालण्यात अडखळ, मान वाकडी किंवा उचलल्यावर किंचाळणं यातलं काही दिसलं, तर वाट न पाहता एक्स-रे काढून घ्यावा. चिप कुठे बसली आहे हे त्यात स्वच्छ दिसतं.

दवाखान्यात जाऊन नेमकं काय विचारायचं?

पाकीट आपल्यासमोर फोडा म्हणायचं. सुई आणि चिप निर्जंतुक बंद पाकिटात एकत्र येतात, त्यावर मुदतीची तारीख आणि नंबराचे स्टिकर असतात. टोचण्याआधी पाकिटातल्या चिपला स्कॅनर लावून नंबर जुळतो का पाहायचा आणि टोचल्यावर पुन्हा एकदा. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारी हवी. १५ अंकांतले पहिले तीन ३५६ असतील तर तो भारताचा देशसंकेत. ९०० च्या पुढचे असतील तर तो बनवणाऱ्या कंपनीचा संकेत. दोन्ही चालतात.

असं विचारलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू द्या. चांगला डॉक्टर उलट खूश होतो.

परदेशी जायचं आहे. चिप आधी की लस आधी?

चिप आधी. युरोपीय संघ आणि ब्रिटनच्या नियमांत चिप बसवण्याआधी दिलेली रेबीजची लस धरलीच जात नाही. आपल्याकडून जाणाऱ्या प्राण्याला लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची टायटर चाचणी (लसीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का हे पाहणारी) लागते आणि रक्त काढल्यापासून ३ महिने थांबावं लागतं. जपानची थांबण्याची मुदत १८० दिवसांची. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची आहे, आणि भारतासारख्या रेबीजचा जास्त धोका मानलेल्या देशातून येणाऱ्यांना त्यापुढच्या अटीही आहेत.

तब्येतीशी याचा संबंध असा की क्रम चुकला तर लस पुन्हा द्यावी लागते. कारण नसताना मांजराला एक जास्तीचं इंजेक्शन, आणि सगळे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

चिप असताना एमआरआय, एक्स-रे, सोनोग्राफी चालते का?

एक्स-रे आणि सोनोग्राफीला काहीच अडचण नाही. एमआरआय करता येतो, पण चिपमधल्या लोहयुक्त गाभ्यामुळे तिच्या आसपासच्या चित्रात काळा डाग पडतो. मानेच्या मणक्याचाच आजार पाहायचा असेल तर हा डाग नेमका आड येऊ शकतो. तपासणीआधी चिप आहे आणि कुठे आहे हे सांगून ठेवा. सीटी स्कॅनमध्ये हा त्रास कमी होतो.

घोडे, पोपट, कासव, हत्ती यांचं काय?

घोड्याला मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखालच्या जाड अस्थिबंधात चिप बसवतात. दोनतीन दिवस जागा दुखरी राहते. ओळखीसाठी घोड्याला तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची प्रथा अजूनही काही ठिकाणी आहे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात शिंगरांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली तेव्हा डागण्याने भाजून जखम होते हे स्पष्ट दिसलं. त्यापुढे सुई कधीही बरी.

पक्ष्याला छातीच्या स्नायूत चिप देतात. राघूपेक्षा लहान पक्ष्याला ती देऊ नये असं माझं मत आहे. एवढ्याशा जिवाला थोडा रक्तस्रावही भारी पडतो. कासवाला मागच्या पायाच्या खोबणीत बसवतात. भारतातल्या पाळीव हत्तींनाही वनखात्यातर्फे चिप बसवल्या गेल्या आहेत. हत्तीच्या आकारापुढे त्या कुपीचं शरीरावर ओझं असं काही नसतंच, फक्त जागा स्वच्छ ठेवावी लागते.

आमच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला मारलाय. तीही चिपच का?

नाही. तो १२ अंकी नंबराचा प्लॅस्टिकचा टॅग आहे, शरीराच्या आत काही जात नाही. त्याचे त्रास वेगळे : कुंपणात अडकून कान फाटणं आणि पावसाळ्यात भोकाच्या जागी माशी बसून अळ्या पडणं. बिल्ला मारल्यावर आठवडाभर रोज कान पाहावा आणि जखम ओली दिसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी.

इतकं सगळं ऐकल्यावर, बसवावी का?

मी बसवली आणि पुन्हा पाळलं तर पुन्हा बसवेन. अमेरिकेतल्या ५३ निवारा केंद्रांतल्या ७,७०४ चिपवाल्या प्राण्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आलेल्या हरवलेल्या कुत्र्यांपैकी एकूण २१.९ टक्केच मालकाकडे परत जात होते, चिपवाल्यांत ५२.२ टक्के गेले. मांजरांत १.८ चे ३८.५ टक्के झाले. मांजर हरवलेल्या माणसाला विचारा, या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे काय.

त्याच अभ्यासात मालक न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. चिप अंगात ठणठणीत, आणि तिच्या नोंदीत दोन घरांआधीचा मोबाइल नंबर! बसवण्याचा धोका प्राण्याने घेतला आणि फायदा मात्र त्याला मिळाला नाही, असं होऊ देऊ नका. पाकिटावर ज्या कंपनीचं नाव असेल तिच्या नोंदणीत स्वतः जाऊन नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर भरा.

बसवलेली चिप काढून टाकता येते का?

येते, पण त्यासाठी भूल देऊन छोटं ऑपरेशन करावं लागतं. चिपभोवती आवरण विणलेलं असतं, ती नुसती दाबून बाहेर येत नाही. संसर्ग बरा होत नसेल, गाठ झाली असेल किंवा चिप मणक्याजवळ गेली असेल तरच काढावी. बंद पडलेली चिप तशीच राहू द्यावी आणि दुसरी थोडी अंतरावर बसवावी. दोन्ही नंबर कागदावर लिहून ठेवावेत, कारण स्कॅनर कधी एकच वाचतो, कधी दुसरी.

प्राणी गेल्यावर चिपचं काय करायचं?

तिला हात लावायची गरज नाही. ती त्याच्याबरोबरच जाते. जमेल तेव्हा नोंदणीच्या ठिकाणी तो गेल्याचं कळवा, म्हणजे लसीच्या आठवणीचे संदेश त्याच्या नावाने येत राहणार नाहीत. तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जात नाही.